लाजेचे दुखणे आणि शल्यवैद्य



पुरुषाच्या ज्या व्यथेविषयी मी आज बोलणार आहे तिला आपल्या भाषेत नावे नाहीत असे नाही. पण जी आहेत ती बहुतेक शिवीच्या वाटेने जाणारी आहेत. नामर्द, षंढ, नपुंसक हे शब्द आपण रोग्याला उद्देशून क्वचितच वापरतो. शत्रूला उद्देशून मात्र सर्रास वापरतो. संस्कृतातील 'क्लैब्य' हा शब्द खरा वैद्यकाचा. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णाने अर्जुनाला जो टोला दिला त्यात तो आला आहे, आणि आपल्या कानाला तो भ्याडपणाचाच पर्याय वाटतो. दमेकऱ्याला त्याच्या दम्यावरून कोणी हिणवीत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या शीलाविषयी कोणी शंका घेत नाही. हे एकच दुखणे असे आहे की, ते झाले म्हणजे माणसाच्या शरीराचा नव्हे, तर त्या सबंध माणसाचाच निकाल लागतो. ह्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करून आत आधार बसवण्याची जी कला गेल्या शतकात वाढली तिचा इतिहास मला सांगावयाचा आहे. आणि तो सांगताना, ह्या माणसांचे ऐकून कोणी घेतले आणि कोणी घेतले नाही, इकडे मी आपले लक्ष वेधणार आहे.

आपले जुने वैद्य ह्या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत. बीजात दोष उत्पन्न झाल्याने येणारे, खुद्द इंद्रियाला अपाय झाल्याने येणारे, म्हातारपणाने येणारे आणि शुक्राच्या क्षयाने येणारे. कारणांमध्ये वाईट खाण्यापिण्याबरोबर शोक, चिंता आणि भय हीही दिली आहेत. म्हणजे शरीर आणि मन दोन्ही हिशेबात धरलेली आहेत, आणि रोग्याची निर्भर्त्सना कोठेच नाही. चारांपैकी दुसऱ्या प्रकाराला ध्वजभंग म्हणतात. तो काही आचार्यांच्या मते असाध्य होय, असेही चरकाने नमूद करून ठेवले आहे. आजची कथा मुख्यतः ह्या असाध्य मानलेल्या प्रकाराची आहे.

पुढे हा समंजसपणा कोठे गेला कोण जाणे. आपल्या मुंबईत ह्या गोष्टी उघड बोलण्याची किंमत काय पडते हे प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी अनुभवले. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ साली काढले आणि १९५३ साली ते वारले तोपर्यंत पदराला खार लावून चालवले. त्यात वाचक आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राधारे, कोणतीही भीडभाड न ठेवता उत्तरे देत. ह्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पण मला त्या खटल्यापेक्षा ती पत्रे लिहिणाऱ्यांचे कुतूहल अधिक वाटते. घरच्या डॉक्टरला विचारण्याची सोय नाही, मित्राला सांगावे तर चेष्टा होणार, म्हणून मासिकाच्या संपादकाला लिहिणारी ही माणसे. ज्यांना लिहिण्याचेही धैर्य नव्हते ते रस्त्याकडेच्या तंबूत जडीबुटीवाल्याकडे गेले असतील. लोकलगाडीतून बाहेर पाहिले तर रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोगां'च्या जाहिराती ठळक अक्षरांत रंगवलेल्या दिसतात. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्याच्या जाहिरातीवर कोणी रंग खर्च करीत नाही.

युरोपात ह्याहून वाईट तऱ्हा होती. तेथे चर्चच्या कायद्याप्रमाणे विवाह रद्द ठरवण्याला जी थोडी कारणे होती त्यांत पतीची असमर्थता हे एक होते. मग ती सिद्ध कशी करावयाची? सोळाव्या-सतराव्या शतकांत फ्रान्समधील न्यायालयांनी ह्यावर 'काँग्रे' नावाची कसोटी काढली. नाव ऐकून आपल्याला राष्ट्रीय सभा आठवेल, पण प्रकार अगदी निराळा. पतिपत्नींनी पडद्याआड एकत्र यावयाचे, आणि न्यायालयाने नेमलेल्या वैद्यांनी व सुइणींनी जवळपास थांबून नंतर तपासणी करावयाची व निकाल द्यावयाचा! मार्किस द लांझे ह्या सरदारावर त्याच्या पत्नीने असा दावा लावला. आपण निर्दोष आहो अशी त्याची खात्री असल्याने ह्या कसोटीची मागणी त्यानेच केली. कसोटीत तो उतरला नाही. पॅरिसमध्ये त्याची छी:थू झाली आणि १६५९ साली पार्लमेंट नावाच्या तेथील उच्च न्यायालयाने त्याचा विवाह रद्द करून त्याला पुन्हा लग्न करण्याची मनाई केली. त्याने ती मनाई न जुमानता दुसरे लग्न केले, आणि त्या पत्नीपासून त्याला सात अपत्ये झाली. आता न्यायमूर्तींची पंचाईत झाली. अखेर १६७७ साली त्याच न्यायालयाने ही कसोटी कायमची बंद केली. वैद्य शेजारी बसले असताना आणि इभ्रत पणाला लागली असताना शरीर साथ देत नाही, एवढी साधी गोष्ट कळावयाला न्यायदेवतेला सात मुले मोजावी लागली.

शरीररचनेचे ज्ञान मात्र त्याच काळात हळूहळू पुढे सरकत होते. ताठरता वायूने येते अशी जुनी समजूत होती. लिओनार्दो दा विंचीने फाशी गेलेल्यांच्या शवांवरून टिपून ठेवले की, ती रक्ताने येते. १६६८ साली हॉलंडच्या रेनिए द ग्राफने शवाच्या रक्तवाहिनीत द्रव भरून तशी अवस्था करून दाखवली. रचना अशी आहे. शिश्नात लांबीने जाणारे दोन स्तंभ असतात, स्पंजासारख्या जाळीदार मांसाचे, आणि प्रत्येकाभोवती चिवट पांढरे वेष्टन असते. सायकलच्या ट्यूबभोवती टायर असतो तसे समजा. रक्त आत शिरून स्पंज फुगला, की रक्त परत नेणाऱ्या शिरा वेष्टनाखाली आपोआप दाबल्या जातात आणि आत आलेले रक्त अडून राहते. कुत्रा, अस्वल, वॉलरस आणि बहुतेक माकडे ह्यांना त्या जागी एक हाडही असते. माणसाला ते नाही. त्याची सारी मदार ह्या रक्ताच्या बंधाऱ्यावर. हे ध्यानात ठेवावे, कारण शल्यवैद्यांनी पुढे जे केले ते एका अर्थी आधी हाड बसवणे आणि नंतर बंधारा बांधणे असेच होते.

मधल्या काळात जे ग्रंथींचे वेड आले त्यावर फार वेळ घालवण्याजोगे नाही, पण करमणूक म्हणून ते सांगितलेच पाहिजे. १८८९ साली ब्राउन-सेकार ह्या नामांकित शास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्रा व गिनीपिग ह्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असे पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले. १९२० साली त्याच शहरात व्होरोनॉफ ह्या शल्यवैद्याने माकडाच्या वृषणाच्या चकत्या माणसांत बसवण्यास सुरुवात केली, आणि धनिकांची त्याच्याकडे रीघ लागली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील ब्रिंक्ली नावाच्या इसमाने तर बोकडाच्या ग्रंथी बसवून अमाप पैसा केला. १९३० साली त्याची सनद काढून घेतली तेव्हा तो गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला! १९३५ साली खरे पुरुषी संप्रेरक हाती लागले, आणि त्याची उणीव असलेले रुग्ण एकंदरीत थोडेच असतात हे कालांतराने कळून आले.

दुसरीकडे मनोविश्लेषकांनी हा प्रांत आपल्या ताब्यात घेतला. फ्रॉइडच्या वर्तुळातील व्हिल्हेल्म श्टेकेल ह्याचा पुरुषाच्या ह्या व्यथेवरील ग्रंथ १९२७ साली इंग्रजीत आला. दुखण्याचे मूळ बहुधा मनातच असते असे त्याचे म्हणणे. मास्टर्स आणि जॉन्सन ह्या अमेरिकन संशोधकांचे १९७० चे पुस्तकही बरेचसे त्याच सुराचे आहे. मनाचा भाग नसतो असे मी म्हणत नाही. लांझेची गोष्ट आपण आत्ताच ऐकली. परंतु पंधरा वर्षांचा मधुमेही, पाठीचा कणा मोडलेला गिरणीकामगार किंवा मूत्राशयाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेला म्हातारा ह्यांनाही 'तुमच्या बालपणाविषयी सांगा' असे विचारले गेले, ह्यात त्या माणसांवर अन्याय झाला असे मला वाटते. न्यायालय त्यांना गुन्हेगार समजत होते, जडीबुटीवाला गिऱ्हाईक समजत होता, आणि मानसशास्त्रज्ञ म्हणत होता की दोष तुमच्या मनातच आहे.

शल्यवैद्य ह्या कथेत येतो तो वेगळ्याच दाराने, आणि त्या दाराची एक चौकट आपल्या पुण्याची आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात तोडला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी देठासकट वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईचे इंग्रज डॉक्टर ते पाहावयास हजर होते, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली. १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू ह्याने ती रीत वापरून पाहिली, आणि युरोपातील नव्या अवयवरचनाशास्त्राला तेथून चालना मिळाली. ह्या रीतीतले मर्म एका शब्दात आहे: देठ. कातडी एका टोकाला जिवंत शरीराला जोडलेली ठेवावयाची, नव्या जागी ती रुजली म्हणजे मग देठ तोडावयाचा. आपल्या बागेतली दाबकलम ह्याहून निराळी नाही.

पहिल्या महायुद्धात ह्या देठाला नवे रूप आले. १९१६ साली ओडेसाच्या फिलातॉव्हने आणि १९१७ साली इंग्लंडच्या हॅरल्ड गिलीजने, एकमेकांना न कळता, कातडीची पट्टी आतल्या बाजूने शिवून तिची बंद नळी केली. नळी केल्याने कातडीची आतली बाजू उघडी राहत नाही, पू होत नाही, आणि टप्प्याटप्प्याने ती नळी शरीरावर हवी तेथे चालवत नेता येते. तोफेच्या गोळ्यांनी चेहरे उडालेल्या सैनिकांसाठी हे निघाले. आणि नळीच तयार झाल्यावर शरीराचा कोणता अवयव नळीसारखा असतो हे कोणाच्या तरी मनात येणारच होते.

ते आले रोस्तोव्ह शहरातील निकोलाय बोगोराझ ह्या शल्यवैद्याच्या मनात. ह्या गृहस्थाची हकीकत विलक्षण आहे. १९२० साली एका तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी लगबगीने निघाले असता ते ट्रामखाली सापडले आणि त्यांचे दोन्ही पाय गेले. दुसरा कोणी घरी बसला असता. बोगोराझ कृत्रिम पायांवर उभे राहून शस्त्रक्रिया करीत आणि विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. १९५२ साली ते वारले. १९३६ साली त्यांनी एका जर्मन शस्त्रक्रियाविषयक पत्रात निबंध प्रसिद्ध केला. शिश्न तुटलेल्या रुग्णाला पोटाच्या कातडीची नळी करून त्यांनी नवे शिश्न दिले होते, आणि ते उभे राहावे म्हणून त्यात रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा घातली होती. शरीरात ताठरतेचा आधार बसवण्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया. निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी स्पष्ट म्हटले होते की, हे इंद्रिय समागमाला समर्थ आहे. म्हणजे नुसते दिसावयाला नव्हे, लघवीच्या सोयीपुरते नव्हे, तर संसारासाठी. ज्याला स्वतःला चालण्यासाठी लाकडाचा आणि चामड्याचा आधार घ्यावा लागला त्याला, आधार घेण्यात कमीपणा नाही, हे सांगावे लागले नसावे. हा माझा तर्क आहे, पण तो करण्याचा मोह आवरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सुरुंगांनी आणि गोळ्यांनी जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी मॉस्कोच्या फ्रुमकिनने हीच रीत चालवली आणि १९४४ साली त्याचा वृत्तांत अमेरिकेत इंग्रजीतून पोहोचला. परंतु कूर्चेला एक खोड होती. ती वाकडी होई, किंवा काही काळाने शरीर तिला जिरवून टाकी. तेव्हा न जिरणारा पदार्थ पाहिजे होता.

तो युद्धानंतरच्या कारखान्यांतून आला. १९५२ साली अमेरिकेतील गुडविन आणि स्कॉट ह्यांनी अॅक्रिलिकच्या, म्हणजे कवळ्या करतात त्या जातीच्या पदार्थाच्या, कांड्या वापरल्याचे जाहीर केले. येथे एक फरक ध्यानात घ्यावा. बोगोराझचा रुग्ण अवयव गमावलेला होता. आता अवयव शाबूत आहे पण काम करीत नाही, अशांकडे शल्यवैद्य वळले. कांडी कातडीखाली, त्या दोन स्तंभांच्या बाहेर बसवीत. कठीण कांडी, मऊ मांस. काही रुग्णांत ती कातडी फोडून बाहेर आली. ज्यांनी हे सोसले त्यांची नावे कोठेही नाहीत. नवी विद्या कोणाच्या तरी अंगावरच शिकावी लागते. ह्या विद्येत ते अंग अशा माणसांचे होते की, जे बिघाड झाल्यावर तक्रार करावयालाही लाजत.

ह्यापुढचे खरे महत्त्वाचे पाऊल न्यूयॉर्कमध्ये पडले नाही, लंडनमध्येही नाही. ते पडले कैरोत. तेथील बेहेरी ह्या शल्यवैद्याने पॉलिथिनच्या दोन कांड्या घेतल्या आणि त्या स्तंभांच्या बाहेर न ठेवता, प्रत्येक स्तंभाचे वेष्टन उघडून, आतला स्पंज सळईने रुंद करून, एकेक कांडी एकेका स्तंभात बसवली. १९६६ साली त्याने हे प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या गाठी सुमारे ७०० रुग्ण होते. एवढी मोठी संख्या तोपर्यंत कोणाकडेच नव्हती. निसर्गाने जेथे रक्त भरावयाची जागा केली आहे तेथेच आधार ठेवावा, कातडीला त्याचा टोक लागू नये, चिवट वेष्टनाने तो सांभाळावा. कल्पना कळल्यावर सोपी वाटते. आजही जगभर जी कोणतीही कांडी अगर नळी बसवली जाते ती बेहेरीच्या वाटेनेच आत जाते. अमेरिकन पुस्तकांत मात्र त्याला एखादी ओळ मिळते, आणि ती का, हे आपल्यासारख्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पदार्थही बदलला. पॉलिथिनच्या जागी सिलिकोन आले. १९५६ साली फिलाडेल्फियाजवळच्या होल्टर नावाच्या एका यंत्रकारागिराने, डोक्यात पाणी साचण्याचा विकार असलेल्या आपल्या तान्ह्या मुलासाठी एक झडप बनवली होती; ती सिलिकोनची होती. त्या झडपेने शल्यवैद्यांना खात्री पटली की, हे रबरासारखे द्रव्य शरीर निमूटपणे सहन करते. मायामीच्या स्मॉल आणि कॅरिअन ह्यांनी त्याच्याच जोड कांड्या केल्या. त्या १९७५ साली प्रसिद्ध झाल्या आणि खूप चालल्या. दोष एवढाच की कांडी ती कांडी. ती अष्टौप्रहर ताठ. पुढे जर्मनीतल्या योनासने १९८० च्या सुमारास आत चांदीची तार गुंफून ती वाकवून ठेवता येईल अशी केली.

हाड बसवून झाले. आता बंधाऱ्याची पाळी. ह्यूस्टनचे मूत्रशल्यवैद्य ब्रँटली स्कॉट, मिनेसोटाचे मज्जारोगतज्ज्ञ ब्रॅडली आणि त्यांचे अभियंता सहकारी टिम हे तिघे मिळून लघवी न थोपणाऱ्या रुग्णांसाठी पाण्यावर चालणारी कृत्रिम झडप तयार करीत होते. त्याच विद्येतून १९७३ साली त्यांनी दुसरे उपकरण पुढे आणले. दोन पोकळ सिलिकोनच्या नळ्या स्तंभांत, द्रवाची एक पिशवी पोटाच्या स्नायूंमागे, आणि वृषणकोशात हाताला लागेल असा लहानसा पंप. पंप दाबला की पिशवीतला द्रव नळ्यांत येतो, काम झाल्यावर तो परत पिशवीत सोडून देता येतो. पहिल्या उपकरणात भरण्याचा पंप वेगळा आणि सोडण्याचा वेगळा होता. पुढे दोन्ही एकात आले. पहिल्या वृत्तांतात अवघे पाच रुग्ण होते. आणि हे सारे बाहेरून दिसत नाही. ज्या दुखण्यात लाज हाच अर्धा रोग, त्यात ही गोष्ट लहान म्हणता यावयाची नाही.

त्या वर्षांतल्या यशाच्या बातम्यांमागे बिघाडांची मोठी यादी आहे. नळ्या गळत, एखाद्या ठिकाणी फुगा येई, जोड निसटत, आणि जंतूंचा शिरकाव झाला तर सारेच काढून टाकावे लागे. साहित्याची वीण बदलली, नळ्यांना थर वाढवले, आणि २००१ च्या सुमारास उपकरणालाच जंतुनाशकाचा लेप देण्याची युक्ति निघाली. तेव्हापासून पू होण्याचे प्रमाण शेकडा एकदोनाच्या घरात आले. पण एक गोष्ट बदलली नाही आणि बदलणारही नाही. एकदा स्तंभातला स्पंज बाजूला सारून नळी बसवली की नैसर्गिक ताठरतेची उरलीसुरली शक्यता संपते. म्हणून हा उपाय सर्वांत शेवटचा. शिवाय त्याने काय होत नाही हेही सांगितले पाहिजे. इच्छा वाढत नाही, लांबी वाढत नाही (पुष्कळांना ती उलट थोडी कमीच वाटते), आणि स्पर्शाची जाण व वीर्यस्खलन पूर्वी जसे असेल तसेच राहते. हे आधी नीट न सांगितल्याने जी निराशा होते ती उपकरणाच्या बिघाडाहून बरी नव्हे. समंजस शल्यवैद्य म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पत्नीलाही समोर बसवून हे सारे सांगतात.

आता एक मौज पाहा. ही सारी यंत्रे तयार झाली तेव्हा नैसर्गिक क्रिया नेमकी कशी चालते हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. रोहिण्यांत गिरद्यासारखे उंचवटे असतात आणि ते रक्ताची वाट बदलतात, असे १९५२ साली इटलीच्या कोंतीने मांडलेले मत पाठ्यपुस्तकांत चालू होते. ते पुढे चूक ठरले. खरा उलगडा झाला तो १९८० नंतर. १९८२ साली पॅरिसच्या व्हिरागने पापाव्हेरिन हे औषध टोचल्यास ताठरता येते असे दाखवले. पुढच्याच वर्षी लास व्हेगासमध्ये मूत्ररोगतज्ज्ञांच्या सभेत इंग्रज शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली व्याख्यानाला उभे राहिले. कोणी म्हणेल, चित्रे पाहून मनात उत्तेजना आल्याचा हा परिणाम. म्हणून त्यांनी सभेपूर्वी आपल्या खोलीत ते औषध स्वतःला टोचून घेतले होते, आणि व्याख्यान देताना कोणाला उत्तेजना येत नाही हे सर्वांना मान्य असल्याने, त्यांनी विजार उतरवून पुरावा दाखवला. पहिल्या रांगेतल्या स्त्रियांनी किंकाळ्या फोडल्या असे सांगतात. आपल्या व्याख्यानमालेला असा वक्ता अजून लाभलेला नाही, ह्याबद्दल चिटणीसांचे अभिनंदन करावे की त्यांच्याविषयी खेद मानावा हे मला ठरवता येत नाही. पण त्या एका सभेने मनोविश्लेषकांचा अर्धा मुलूख गेला. चित्त तेथे नव्हते आणि शरीर काम करीत होते.

ह्यापुढे १९८० साली फर्चगॉटने रक्तवाहिनी सैल करणाऱ्या एका अनोळखी द्रव्याचा माग काढला, ते नायट्रिक ऑक्साइड हा एक साधा वायू निघाला, आणि १९९२ च्या सुमारास शिश्नातील स्पंज सैल करणारा दूतही तोच हे सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये हृदयशूळासाठी तपासलेली सिल्डेनाफिल ही गोळी १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मान्य झाली, आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाबद्दल तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे कृत्रिम बंधारा खऱ्या बंधाऱ्याचे शास्त्र कळण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी बांधला गेला होता. गोळी आल्यावर शल्यवैद्याचे काम संपेल असे पुष्कळांना वाटले. ते संपले नाही. ज्यांच्या मज्जातंतूंना किंवा रक्तवाहिन्यांनाच अपाय झाला आहे, जुने मधुमेही, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले, त्यांतील अनेकांना गोळी लागू पडत नाही, आणि हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याला तर ती घेताच येत नाही. आणखी एक गोष्ट ह्या काळात कळून आली, ती येथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकून ठेवण्याजोगी आहे. हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा ह्या अवयवाच्या रोहिण्या बारीक असतात. त्या आधी तुंबतात. मध्यम वयात उद्भवलेली ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या आधी काही वर्षे येणारी सूचना असते. जो लाजेने ती लपवतो तो केवळ शय्यासुख लपवीत नाही.

१९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने तज्ज्ञांची सभा बोलावून ठरवले की, असमर्थता ह्या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द टाकून द्यावा आणि त्याऐवजी नुसते, ताठरतेतील बिघाड, असे म्हणावे. माणूस असमर्थ नाही. एका क्रियेत बिघाड आहे. मराठीत असा शब्द अजून कोणी रुजवलेला नाही. रुग्ण डॉक्टरपुढे बसून 'तो प्रॉब्लेम' म्हणतो आणि खाली पाहतो.

उपचार मात्र आपल्याकडे आले आहेत. परदेशी पंपाचे उपकरण बसवावयाचे तर खर्च काही लाखांत जातो, आणि तो किती जणांना परवडेल हे उघड आहे. मुंबईचे डॉ. रुपिन शहा ह्यांनी म्हणून देशातच बनणारी सिलिकोनची साधी कांडी आखली. तिच्यात पंप नाही, पिशवी नाही. तिच्यावर काढता-घालता येणारी आवरणे आहेत, त्यामुळे एकाच कांडीवर निरनिराळ्या जाडीच्या रुग्णांचे भागते. बेहेरीच्या कांडीची ती सरळ वंशज आहे. तिच्यात गळण्यासारखे काही नसल्याने ती टिकते. पंपाचे उपकरण दहापंधरा वर्षांनी कधीतरी बदलावे लागते, आणि पन्नाशीत ते बसवून घेतलेल्या माणसाला पासष्टीत पुन्हा त्याच दाराशी यावे लागते.